तिसऱ्या बाकावरचा एक सेंटिमीटर

खिडकीकडच्या रांगेत तिसऱ्या बाकावर एका सोमवारी सकाळी मला पेन्सिलीची रेघ दिसली. पट्टीने आखलेली, बाकाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत. जवळ जाऊन पाहिलं तर एक नाही, दोन रेघा होत्या, आणि त्यांच्यामध्ये बोटाएवढीही नाही अशी बारीक जागा मोकळी सोडलेली.

"हे काय आहे?"

"बाई, बाक ९१ सेंटिमीटर आहे," डावीकडचा म्हणाला.

"म्हणून ४५ त्याचे, ४५ माझे," उजवीकडचा म्हणाला. त्यांची कट्टी होती त्या दिवशी. तरी मला द्यायचं उत्तर दोघांनी मिळूनच पूर्ण केलं.

"आणि उरलेला एक?"

"तो कुणाचाच नाही. तिथे खोडरबर ठेवायचं."

खोडरबर दोघांत एकच होतं. आडवं ठेवलं की हद्द ओलांडत होतं, म्हणून कडेवर उभं करून ठेवलेलं. मी हसू दाबलं आणि फळ्याकडे वळले. बाकावर रेघा मारल्याबद्दल ओरडायचं राहूनच गेलं. त्या रेघांचं कारण मीच होते, हे मला तेव्हा कळलेलं नव्हतं. कळायला तीन आठवडे लागले.

गेली १७ वर्षं मी पाचवीचा वर्ग सांभाळते. दहा-अकरा वर्षांची मुलं. आईचा हात रस्त्यात धरायचा नाही, पण आजारी पडलं की हवा, अशा वयाची. मुलांची नावं इथे लिहिणार नाही. हजेरीपटातले नंबर लिहिते. डावीकडचा सात आणि उजवीकडचा एकोणीस. खरे नंबर हेही नाहीत, पण मला आता त्यांना याच नावांनी ओळखायची सवय झाली आहे.

सात बुटका, बोलका आणि हिशेबात तल्लख. तोंडी गणिताला माझा प्रश्न संपायच्या आत त्याचा हात वर जातो, आणि हाताबरोबर तो अख्खाच वर जातो. त्याचं अक्षर मात्र दुसऱ्या दिवशी त्याचं त्यालाही लागत नाही. एकोणीस वर्गात सगळ्यात उंच, सगळ्यात सावकाश. चित्र काढायला बसला की जीभ थोडी बाहेर काढून काढतो. निबंधाला त्याला पुरवणी लागते. पाचवीत पुरवणी मागणारं पोर मी दुसरं पाहिलेलं नाही.

चौथीत ते एका बाकावर आले आणि पाचवीत येताना बाक सोडून सगळं बरोबर घेऊन आले. त्यांचा एक न बोललेला करार होता. गणित सातचं, चित्र आणि निबंध एकोणीसचा. एकदा दुसऱ्या वर्गाच्या बाई काही कामासाठी आल्या आणि सहज म्हणाल्या, "तुमच्याकडे चांगली चित्रं कोण काढतं?" तर सातने एकोणीसचं मनगट धरून त्याचा हात वर केला. स्वतःचा हात वर करताना जेवढ्या उड्या मारतो तेवढ्याच तेव्हाही मारल्या. पळण्यात दोघंही शेवटून पहिले. त्याची थट्टा दोघं मिळून करायचे.

मग त्यांच्यात चुरस नव्हती का? होती की. रोज होती. फळ्यावरचं उतरवून घेताना वर्गात एक आवाज यायचा. टक. मग दोन-चार सेकंदांनी पुन्हा टक. पहिले दोन महिने मला वाटायचं कुणाचं तरी काहीतरी खाली पडतंय. एकदा लक्ष ठेवलं तेव्हा कळलं. ज्याचं उतरवून आधी होतं तो पेन्सिल बाकावर आपटतो, टक. दुसऱ्याचं झालं की तोही आपटतो. मग दोघं एकमेकांकडे न बघता हसतात. कच्च्या वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने होते आणि त्यात रेघांच्या जुड्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी. मी वरवर मोजल्या तर दोघांच्याही दोनशेच्या पुढे गेलेल्या होत्या आणि फरक दोन-तीन रेघांचा. गंमत म्हणजे त्या एका शर्यतीत सातला अक्षराची फिकीर नव्हती म्हणून तो वेगात, आणि एकोणीस सावकाश असला तरी पूर्ण ओळ एकदम डोक्यात ठेवायचा, मान वर करायला त्याला कमी वेळ लागायचा. देवाने जणू मुद्दाम तोललेली जोडी.

या वयातली मुलं कशाकशात चढाओढ करतात याची यादी करायला बसले तर हा लेख संपायचा नाही. दाराच्या चौकटीवर उंची. कुणाचे किती दात पडले. कुणाच्या गुडघ्यावरची खपली मोठी. श्वास कोण जास्त वेळ रोखतो. पाणी प्यायला नळावर पहिलं कोण. पहिलं उभं राहता आलं नाही तर "मी मुद्दामच हळू आलो" हे पहिलं कोण म्हणतं. माझे एक सहकारी म्हणायचे की शाळेतून स्पर्धाच काढून टाकली पाहिजे. मी एकदा एक सत्र तसं करून पाहिलं. कसलीही स्पर्धा नाही, कसलाही क्रमांक नाही. तर मुलांनी कुणाची पेन्सिल जास्त आखूड झाली यावर चढाओढ लावली आणि आठवड्याभरात वर्गात धरता येईल अशी पेन्सिल शिल्लक राहिली नाही.

आणि नियम! मधल्या सुट्टीतली निम्मी वेळ खेळण्यात जाते आणि निम्मी हे आऊट की नाही यात. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञांनी गोट्या खेळणाऱ्या मुलांना नियमांबद्दल विचारून विचारून १९३२ साली एक आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांनाही हेच दिसलं होतं की अकरा-बारा वर्षांच्या सुमाराला मुलांना खेळाइतकाच नियमांच्या बारकाव्यांत रस वाटू लागतो. पियाजेंना त्यात नीतीची वाढ दिसली. मला मैदानावर उभं राहून आधी "चिडका बिब्बा" आणि मग "रडीचा डाव" ऐकू येतं, पण तेही त्याच वाढीत धरत असावेत.

प्रशिक्षणाच्या वर्षी मी लिऑन फेस्टिंगर हे नाव परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. १९५४ सालचा सामाजिक तुलनेचा सिद्धांत, पाच गुणांचा प्रश्न. माणूस स्वतःला मोजायला आपल्यासारखाच दुसरा माणूस शोधतो, एवढाच त्याचा गाभा. सात नंबरला जगज्जेत्या गणितज्ञाशी देणंघेणं नाही. त्याला शेजारच्या कोपराशी देणंघेणं आहे. म्हणून चुरस लागते ती मित्राशीच. ज्याच्याशी आपलं काहीच जुळत नाही त्याच्याशी कोण कशाला शर्यत लावेल?

पुढे ॲब्रहम टेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली पाचवी-सहावीच्याच मुलांकडे हे तपासलं. मुलांना विचारलं, तुला कोणती गोष्ट महत्त्वाची वाटते, कोणती नाही, आणि त्यात तू कसा आणि तुझा जवळचा मित्र कसा? मुलं जे स्वतःला महत्त्वाचं वाटतं त्यात स्वतःला मित्राच्या जरा वर ठेवत होती आणि जे फारसं महत्त्वाचं वाटत नाही त्यात मित्राला स्वतःच्या वर. हे वाचलं तेव्हा मला सातने वर धरलेलं ते मनगट आठवलं. मित्राच्या चित्राचा अभिमान त्याला परवडत होता, कारण चित्र त्याच्या हिशेबात नव्हतंच. यात कमीपणा नाही. मोठी माणसंही असेच संसार चालवतात. भाजीत मीठ किती हे एकाने ठरवायचं आणि घड्याळाला चावी दुसऱ्याने द्यायची.

आता माझी करणी.

पहिल्या चाचणीनंतर मी वर्गात एक तक्ता लावला. रंगीत कागद, कडेला वेलबुट्टी, रविवार घालवून केलेला. प्रत्येकाचं नाव, प्रत्येक विषयाचे गुण, शेवटी 'एकूण' आणि त्यापुढे क्रमांक. पहिल्या तिघांना चकचकीत चांदण्या. कुणी सांगितलं नव्हतं. मुलांना हुरूप येईल असं वाटलं. पालकसभेत तर तक्त्याचे फोटो काढायला रांग लागली.

सात पहिला. एकोणीस दुसरा. फरक अर्ध्या गुणाचा.

मला तेव्हा सुचलं नाही ते असं: त्या दोघांनी तोवर कधीच बेरीज केली नव्हती. सातला गणितात जास्त आणि एकोणीसला भाषेत जास्त, हे त्यांना माहीत होतं, आणि त्या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत होत्या. भाषेचे गुण आणि गणिताचे गुण एकमेकांत मिळवता येतात, आणि मिळवले की एकच आकडा उरतो, आणि त्या आकड्याने एक मुलगा दुसऱ्याच्या वर जातो, हे मी शिकवलं. बेरीज हा मोठ्यांचा खेळ आहे. 'एकूण' हा रकाना मुलांच्या वहीत कधी नसतो. त्यांच्या सगळ्या वह्यांचा शेवट "हे तुझं, हे माझं" असा असतो.

घरी काय झालं असेल ते मी ऐकलेलं नाही, पण १७ वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की न ऐकताही सांगू शकते. "अर्ध्याच गुणासाठी राहिलास की रे." किंवा "पहिला आलास, पण तो अर्ध्यावरच आहे हं, सांभाळ." दोन्ही वाक्यं प्रेमाने बोललेली.

पुढच्या आठवड्यात एकोणीस सुट्टीत गणितं सोडवायला लागला. सातने चित्रांच्या स्पर्धेत नाव दिलं आणि एक चित्र आणून दिलं, ज्यातला घोडा नंतर त्याने खुर्ची आहे असं सांगितलं. मी दोघांना शाबासकी दिली. मुलं नवीन काही करू पाहतायत म्हणून मला आनंद झाला होता! आज ते आठवलं की कान गरम होतात. एकोणीस त्या घोड्यावर हसला. तसं तो आधीही हसला असता आणि सातही बरोबर हसला असता. पण आता ते हसणं लागलं. आणि मग रेघा आल्या.

रेघांनंतर निरोप्या आला. एकतीस नंबर, भला मुलगा, दोघांचाही मित्र. "त्याला सांग माझी पट्टी दे." "त्याला सांग तुझी पट्टी नाहीये." पट्टी दोघांच्या मध्ये, निरोप्या पाठीमागच्या बाकावर. दोन दिवसांनी एकतीसला विचारण्यात आलं, "तू नक्की कुणाच्या बाजूने?" बिचाऱ्याने पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि घरी गेला. पाठोपाठ अख्ख्या वर्गाच्या दोन बाजू झाल्या. ज्यांना गणित येत नाही आणि चित्रही येत नाही अशी मुलंसुद्धा कडवी झाली. कुणाच्या बाजूला किती हे रोज मोजलं जाऊ लागलं.

याच वयाच्या २२ मुलांवर १९५४ साली अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या एका उन्हाळी शिबिरात मुझफर शरीफ यांनी प्रयोग केला होता. मुलांचे दोन गट पाडले, त्यांच्यात बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या. एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मुलांची मजल गेली. मग पाण्याची टाकी बिघडणं, ट्रक बंद पडणं अशी सगळ्यांनी मिळून सोडवायची संकटं घडवून आणल्यावर ती मुलं जवळ आली. मानसशास्त्राच्या पुस्तकात हे हमखास असतं. पुस्तकात सहसा नसते ती त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. १९५३ साली शरीफ यांचा असाच प्रयत्न फसला होता. त्या वेळी मुलांना आधी काही दिवस एकत्र राहू दिलं होतं आणि मग वेगळं केलं होतं. गट पाडले, काड्या घालून पाहिल्या, पण मुलं एकमेकांवर उलटली नाहीत. शिबिरातली मोठी माणसंच काहीतरी करतायत असा संशय त्यांना आला. मला हा फसलेला प्रयोग जास्त आवडतो. मात्र माझ्या वर्गातल्या मुलांना माझा संशय आला नाही. तक्ता भिंतीवर होता, वेलबुट्टीसकट, आणि तो खरा होता. गुण खरे, बेरीज बरोबर. खोटं असतं तर त्यांनी पकडलं असतं.

मध्येच माझं सांगते. पाचवीत माझी एक मैत्रीण होती आणि तिचं अक्षर असं होतं की बाई तिची वही वर्गात फिरवायच्या. माझं अक्षर बरं होतं. 'बरं' हा शब्द मला तेव्हापासून आवडत नाही. शुद्धलेखनाच्या तपासणीच्या आदल्या दिवशी ती आली नव्हती, तिने मला विचारलं कोणतं पान करायचं, आणि मी दुसरं पान सांगितलं. ती ओरडा खाऊन बसली. माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझीपण गडबड झाली असेल ना गं ऐकण्यात." तिच्या मनात दुसरा विचार आलाच नाही. मी मान हलवली. ती गोष्ट मी तिला आजतागायत सांगितलेली नाही; दर वर्षी वाढदिवसाला फोनवर बोलतो आम्ही. पण घरी बसून तिच्यासारखा 'ळ' काढायचा मी इतका सराव केला की माझा 'ळ' आजही तिचा आहे. फळ्यावर तोच काढते. १७ वर्षांत कितीतरी पोरांनी तो माझ्याकडून उचलला असेल.

तर रेघांनंतर तिसऱ्या आठवड्यात गणिताची चाचणी झाली. २० गुणांची. एकोणीसला २०, सातला साडेअठरा. सातने पेपर घेतला, घडी घातली, परत घडी घातली, असं करत काडेपेटीएवढा केला आणि मोज्यात खोचला. वर्गातल्या निम्म्या बाजूने टाळ्या वाजवल्या. मी एकोणीसकडे पाहिलं. तो पेपरात डोकं घालून बसला होता, जीभ थोडी बाहेर.

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाल्यावर तो माझ्या टेबलाशी आला.

"बाई, माझा पेपर परत बघाल?"

"का रे? २० पैकी २० आहेत."

"चौथं गणित बघा ना. क्षेत्रफळाचं. मी नुसतं सेंटिमीटर लिहिलंय. चौरस नाही लिहिलं."

खरंच नव्हतं लिहिलं. माझ्या नजरेतून सुटलं होतं. सबंध तास तो स्वतःच्या पेपरात स्वतःची चूक शोधत बसला होता.

"बरोबर आहे तुझं. अर्धा गुण जाईल."

तो हलला नाही. मग म्हणाला, "अर्धाच? दीड नाही का कापता येणार?"

मला हिशेब लगेच लागला नाही. तो गणितात कच्चा नाही, मीच होते. वीसमधून दीड गेला की साडेअठरा.

मी सांगितलं की एककाचा अर्धाच गुण असतो. नियम आहे. तो "बरं" म्हणाला आणि पेपर घेऊन गेला. साडेएकोणीसवाला तो पेपर त्याने सातला दाखवला की नाही, मला माहीत नाही. हॅरी स्टॅक सलिव्हन नावाचे एक अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ होते. त्यांचं म्हणणं असं की साधारण साडेआठ ते दहाच्या सुमाराला मुलाला पहिल्यांदा एक जिवलग सापडतो, आणि त्याच्यापायी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं सुख स्वतःच्या सुखाइतकं मोलाचं वाटायला लागतं. प्रेमाची सुरुवात ते तिथून धरत. मी हे परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. दीड गुण कापून मागणारं पोर समोर उभं राहीपर्यंत त्याचा अर्थ कळला नव्हता.

त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी तक्ता काढला. टाचण्या काढून, गुंडाळून, कपाटामागे. दुसऱ्या दिवशी मुलांनी विचारलंही नाही. दोन आयांनी विचारलं. पण तक्ता काढला म्हणून काय झालं? सगळ्यांचे क्रमांक सगळ्यांना पाठ होते. छत्तीसच्या छत्तीस. पाढे एवढे पाठ असते तर.

मग मी दुरुस्त्या सुरू केल्या, आणि त्या बहुतेक सगळ्या फसल्या. दोघांना शिक्षकखोलीत बोलावून हात मिळवायला लावले. त्यांनी करारावर सह्या करणाऱ्या दोन मंत्र्यांसारखे मिळवले. बाक वेगळे केले, हे तर अगदीच चुकलं. भांडायला निदान रेघ होती, खोडरबराला जागा होती. आता एकमेकांची पाठ आणि डोकं तेवढं दिसायचं. शरीफ यांचा ट्रक आठवून मी दोघांना मिळून भित्तिपत्रक करायला दिलं. त्यांनी कागद बरोबर मधोमध कापून दोन घरी नेले आणि दोन अर्धी भित्तिपत्रकं आणून दिली. चिकटवायचं काम माझ्यावर आलं. वह्यांवर गुण देणं बंद करून नुसते शेरे लिहायला लागले, कारण रूथ बटलर यांनी १९८८ साली पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेलं काम वाचलं होतं: नुसता शेरा मिळालेल्या मुलांचा रस टिकतो, पण शेऱ्यासोबत गुण दिला की शेऱ्याचा उपयोग जवळजवळ पुसला जातो. ही एक गोष्ट मी अजून चालू ठेवली आहे. पण या दोघांना त्याने काही झालं नाही. ते शेऱ्यातले शब्द मोजायचे.

मग एकोणीसला कांजिण्या आल्या.

११ दिवस तो शाळेत नव्हता. पहिल्या दिवशी फळ्यावरचं उतरवून घेताना टक असा आवाज आला. बाक वेगळे झाल्यापासून तो आवाज बंदच होता, म्हणून मी चमकून वळले. सातने पेन्सिल आपटली होती. तो एकोणीसच्या रिकाम्या जागेकडे बघत होता. दुसऱ्या दिवशीही टक. मागून एकतीसने हौसेने टक केलं, तर सात मागे वळून म्हणाला, "तू नको." चौथ्या दिवसापासून तो पेन्सिल आपटेनासा झाला. मला वाटलं कंटाळला.

कंटाळला नव्हता. तो सावकाश लिहायला लागला होता, कारण दोनदा लिहीत होता. आठवड्याच्या शेवटी त्याने माझ्या टेबलावर वह्यांचा गठ्ठा आणून ठेवला. "त्याच्या घरी कुणी जाणार असेल तर द्या. मला आई जाऊ देत नाही, मला अजून झाल्या नाहीयेत." सगळ्या विषयांचं सगळं, सुवाच्य. भूगोलाचा नकाशासुद्धा काढलेला, बराचसा खुर्चीसारखा, पण काढलेला. पहिल्यांदाच मला त्याचं अक्षर लागलं.

गठ्ठ्यात चुकून कच्ची वहीही आली होती. मी शेवटचं पान उघडलं. उघडायला नको होतं, पण उघडलं. दोन रकाने, रेघांच्या जुड्या. मधल्या भांडणाच्या आठवड्यांत काहीच नाही. आणि त्याखाली, तो नसलेल्या प्रत्येक दिवसासाठी, रेघेऐवजी 'गै'. माझ्या हजेरीपटात गैरहजर मुलापुढे मी 'गै' लिहिते, ते बघून घेतलेलं. ते एकोणीसच्या रकान्यात होतं हे ठीक. सातने ते स्वतःच्या रकान्यातही लिहिलं होतं. समोर कुणी नसताना जिंकलेला एकही डाव त्याने स्वतःच्या नावावर घेतला नव्हता.

वही मी गठ्ठ्यातून काढून त्याला गुपचूप परत केली. त्यानेही गुपचूप घेतली.

एकोणीस परत आला तेव्हा मी सगळ्याच वर्गाच्या जागा बदलल्या, म्हणजे फक्त दोघांसाठी बदलतेय असं दिसू नये. असं मला वाटलं. वर्गाला बरोबर दिसलं असणार. दोघं तिसऱ्या बाकावर आले. पहिले दोन दिवस फार जपून बोलत होते, नवीन भाडेकरूंसारखे. आता सगळं पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. एकोणीस आता गणितात खरंच चांगला आहे आणि ते त्याला परत देता येणार नाही. 'हे तुझं, हे माझं' तेवढं सरळ राहिलेलं नाही. सात सुट्टीत एकतीसबरोबरही खेळतो, तेव्हा एकोणीस कठड्यावर बसून चित्र काढत असल्याचं दाखवतो. पान मात्र बराच वेळ कोरं असतं.

गेल्या आठवड्यात बाकावर नव्या रेघा दिसल्या. जुन्या पुसून नव्या आखलेल्या. मी पट्टी घेऊन मोजल्या. सातकडे ४३, एकोणीसकडे ४७.

"हे काय? अन्याय झाला की तुझ्यावर."

"बाई, तो वाढलाय," सात म्हणाला. "त्याचं कोपर बघा केवढं आहे."

"आणि मधला एक?"

"तो आहे ना."

तो होता. खोडरबर त्याच्यावर उभं होतं, अर्धं झिजलेलं.

मी फळ्यावर पाच ओळी लिहिल्या आणि मागे न वळता ऐकत राहिले. टक. आणि जवळजवळ लगेचच, टक. वळून पाहिलं तर दोघं खाली बघून हसत होते आणि कच्ची वही मधोमध उघडी होती. न राहवून मी विचारलं, "सध्या कोण पुढे आहे रे?"

दोघांचे हात एकदम वहीवर पडले. वही बंद झाली.

"ते तुम्हाला नाही सांगायचं, बाई."